जुनी पिकअप कच्च्या रस्त्यासाठी तयार करताना पैसा आधी कुठं लावायचा

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, सीना, मांजरा, सिंदफणा पात्र सोडून वावरात शिरल्या, पांदण रस्ते वाहून गेले, त्यानंतर पिकअपवाल्यांमध्ये एक विषय सारखा निघतोय. दारात जुनी बोलेरो पिकअप, टाटा २०७ नाहीतर झेनॉन उभी आहे, हप्ते फिटलेत, इंजिन ठणठणीत आहे, मग हिलाच जरा उंच करून जाड टायर टाकले तर शेतातल्या आखाड्यावरही जाईल आणि सुट्टीच्या दिवशी बालाघाटात सौताड्याकडं, धारूरकडं दगडगोट्यातूनही फिरवता येईल. विचार एकदम बरोबर आहे. नवीन फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते आणि जुन्या पिकअपची चेसिस मुळातच ओझ्यासाठी बनलेली असल्यानं मजबूत असते.

गडबड होते ती पुढं. गॅरेजात गेलं की पहिला प्रश्न येतो "किती इंच उचलायची?" आणि तिथंच बजेट संपून जातं. मोबाईलवरच्या व्हिडिओत उंच गाडी दिसते म्हणून उंचीच महत्त्वाची वाटते, पण आपल्या भागात हलक्या ऑफरोडिंगला, म्हणजे चिखलाची पांदण, ओढ्याचा उतार, मुरमाचा चढ असल्या रस्त्यांना उंची फार पुढचा विषय आहे. गाडी फसते ती बहुतेक वेळा पकड सुटते म्हणून. हे एकदा डोक्यात बसलं की पैसे कुठं घालायचे ते आपोआप कळतं, म्हणून आधी तेच बघू.

गाडी फसते तेव्हा खाली नेमकं काय होतं

आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे आणि तिच्यात एक चिकणमातीचं खनिज असतं जे पाणी आपल्या थरांच्या मध्ये ओढून घेतं आणि फुगतं, म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती टायरला चिकटून चाक गुळगुळीत करून टाकते. टायरच्या खाचा मातीनं भरल्या की नवा टायर काय आणि घासलेला काय, सारखंच. चाक जागेवर फिरतं, फिरत फिरत खड्डा करतं, आणि शेवटी गाडीचं पोट जमिनीला टेकतं. पोट टेकलं की चाकांवरचं वजनच कमी होतं, मग कितीही रेस द्या, काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्याची, म्हणजे डिफरन्शियलची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणं हे त्याचं काम. पण तो दोन्ही चाकांना जोर सारखाच वाटतो, आणि एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की त्याला जेवढा थोडासा जोर लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. बैलगाडीचं जू मधोमध दांडीला अडकवलेलं असतं आणि थोडं फिरतं, एका बैलानं अंग काढून घेतलं की दुसरा कितीही ताकदीचा असो, त्याच्या ओढीनं जू वाकडं होतं, गाडी पुढं सरकत नाही, हे ज्यानं बघितलंय त्याला डिफरन्शियल समजला. म्हणूनच एक चाक कोरड्या मुरमावर असूनही पिकअप तिथंच अडकून बसते आणि लोक म्हणतात इंजिनला ताकद नाही. ताकद असते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचत नाही.

सगळ्यात आधी दुरुस्ती, हे ऐकायला कुणाला आवडत नाही

दहा-बारा वर्षं माल वाहिलेल्या पिकअपचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, गेलेले असतात, शॉकअप तेल सोडून बसलेले असतात, पाट्यांपैकी, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या कमानीच्या लोखंडी पट्ट्यांपैकी, एखादा तुटलेला असतो आणि यू बोल्ट ढिले असतात. असल्या गाडीत मागचं चाक खड्ड्यातून जमिनीला धरून राहत नाही, उड्या मारतं, आणि उडालेल्या चाकाला पकड कुठली. चांगले शॉकअप, नवे बुश, शॅकलच्या (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीच्या) पिना, प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या एक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, व्हील बेरिंगला ग्रीस, ब्रेकचे लाइनर, रेडिएटरच्या जाळीतली घाण, एवढं केलं तरी गाडी जवळपास वेगळीच वाटते. बसलेले पाटे बदलले किंवा चांगल्या कमानवाल्याकडून पुन्हा कमान देऊन घेतले तर कंपनीची जी मूळ उंची होती ती परत येते, आणि बऱ्याच जणांना हवी असलेली उंची एवढीच असते. पाटे ठोकून कमान दिलेले फार दिवस टिकत नाहीत, जमत असेल तर नवेच घ्या.

क्लच अर्धा संपला असेल तर चिखलात जायच्या आधी बदला. चिखलात क्लचवर जेवढा अन्याय होतो तेवढा महिनाभर डांबरावर होत नाही.

पण लिफ्ट केल्याशिवाय खाली दगड लागतातच ना?

लागतात. पण कुठं लागतात ते गाडीखाली वाकून बघा. पिकअपचा मागचा एक्सल अखंड असतो आणि सगळ्यात खालचा भाग म्हणजे तोच गोळा. पाटे वाढवून, लांब शॅकल टाकून किंवा एक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा घालून तुम्ही बॉडी उचलता, चेसिस उचलता, गोळा मात्र जिथं होता तिथंच राहतो, कारण त्याची उंची फक्त चाकाच्या त्रिज्येवर ठरते. ट्रॅक्टर-ट्रॉलीनं आणि उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीत मधल्या वरंब्यावर जो घासतो तो हाच गोळा. तिथं लिफ्टपेक्षा एक साधी युक्ती कामाची, चाकोरीत उतरायचंच नाही, एक चाक मधल्या वरंब्यावर आणि दुसरं कडेला ठेवून जायचं, जागा असेल तिथं.

लिफ्टचा फायदा अजिबात नाही असं मी म्हणत नाही. ओढ्याच्या उतारावर पुढचा बंपर टेकतो, वर चढताना मागचा टेकतो, तिथं फरक पडतो. गाडी काही न टेकवता समोरचा जो चढ घेऊ शकते त्याला अप्रोच अँगल म्हणतात. पण तो वाढवायला आधी बंपरखाली लोंबणारं प्लॅस्टिक, लांब वाढवलेलं फूटरेस्ट, मागं खाली आलेली स्टेपनी आणि सायलेन्सरचं तोंड बघा, यातलं काही वर घेता आलं तर फुकटात काम होतं.

आता लिफ्टचे तोटे, जे गॅरेजवाला सहसा सांगत नाही. जास्तीचा पाटा टाकला की मागची बाजू कडक होते, रिकामी गाडी दणके मारते आणि चाक खड्ड्यात खाली जायला तयार होत नाही, म्हणजे पकड वाढवायला निघालो आणि कमी करून आलो. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातो. पुढं टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगसारखा पिळला जाणारा दांडा, असेल तर तो पिळून उंची मिळते खरी, पण बॉल जॉइंट आणि अलाइनमेंटवर ताण येतो, टायर एका बाजूनं खातो. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलपाशी एक बारीक दांडी आणि व्हॉल्व असतो, माल भरला की बॉडी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी उचलली आणि ही दांडी पुन्हा सेट केली नाही तर व्हॉल्वला गाडी कायम रिकामीच वाटते, आणि टनभर सोयाबीन भरून घाट उतरताना मागचे ब्रेक कमी लागतात. वर गाडीचा तोल उंच गेलेला. हे मला फार गंभीर वाटतं, कारण आपली पिकअप आठवड्यातून एक दिवस खेळायला आणि बाकीचे दिवस मालाला असते.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, १५ म्हणजे रिम १५ इंची. हिशोब केला तर या टायरची पूर्ण उंची साधारण ७०३ मिलिमीटर येते. त्याच्या जागी २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३ च्या आसपास. म्हणजे ३० मिलिमीटर वाढले, आणि त्यातले निम्मे, १५ मिलिमीटर, गोळा जमिनीपासून वर गेला. दीड सेंटिमीटर! हीच खरी मिळकत. बदल्यात स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी खरी बासष्ट-त्रेसष्टनं पळत असेल आणि चाक मोठं झाल्यामुळं ओढ चार टक्क्यांनी कमी होईल. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो का तेही बघावं लागतं. म्हणून साइज कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्यांपैकीच ठेवा, फार तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटची.

साइजपेक्षा नक्षी महत्त्वाची. एच टी म्हणजे रोडचा टायर, एम टी म्हणजे चिखलाचा, मोठ्या ठोकळ्यांचा, आणि ए टी म्हणजे दोन्हीच्या मधला. आपल्या वापराला ए टी. एम टी दिसायला जबरदस्त दिसतो पण डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो. शिवाय एक गोष्ट स्पष्ट सांगतो, दोन दिवस झड लागल्यावर भिजलेल्या काळ्या रानात कुठलाच टायर चालत नाही. वाफसा येईपर्यंत थांबणं हाच उपाय, आणि ओल्या रानात गाडी घालून शेजाऱ्याच्या बांधापर्यंत चाकोऱ्या पाडणं बरंही नाही.

साइजच्या पुढं आणखी एक आकडा असतो, लोड इंडेक्स. तो किलो नसतो, त्याचा तक्ता असतो, १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. कारचे ए टी टायर स्वस्त मिळतात म्हणून पिकअपला टाकले तर माल भरल्यावर फुटायची भीती, त्यामुळं मूळ टायरपेक्षा कमी इंडेक्स घेऊ नका. जुने टायर घेत असाल तर भिंतीवरचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रिमोल्ड टायर या कामाला नकोच.

हवा कमी करणं, यासारखं स्वस्त मॉडिफिकेशन नाही

रिकाम्या पिकअपच्या एका चाकावर ४०० किलो वजन धरा. टायरमध्ये ४० पीएसआय हवा असेल तर ढोबळ हिशोबानं जमिनीला टेकणारा भाग १४० चौरस सेंटिमीटर, आणि हवा २५ केली तर तोच सव्वादोनशेच्या आसपास. दीडपट जमीन धरली, एक रुपया खर्च न करता. टायर लांबट होऊन बसतो, गोदावरीच्या काठच्या वाळूत आणि सुट्या मुरमात याचा फरक लगेच कळतो, दगडावरही टायर मऊ पडून दगडाला धरतो. चिकट काळ्या मातीत मात्र फायदा कमी, तिथं खालचा कडक थर सापडला तरच गाडी निघते.

यात काही गोष्टी सांभाळा. २० च्या खाली साध्या रिमवर जायची गरज नाही, टायर रिमवरून निसटू शकतो. ट्यूबवाले टायर असतील तर आणखी जपून, टायर रिमवर सरकला की आतल्या ट्यूबचा नोझल तुटतो. आणि डांबर आलं किंवा माल भरला की हवा पुन्हा पूर्ण, कमी हवेत जोरात पळवलेला टायर तापून फुटतो. त्यासाठी बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि बरा प्रेशर गेज घ्या, दोन्ही मिळून एका टायरपेक्षा कमी पैशात येतात.

पण माझी गाडी फोर बाय फोर नाही, मग कशाला खटाटोप?

बहुतेकांची नसतेच. रिकाम्या पिकअपची अडचण ही की ओढणारी चाकं मागं आणि वजन सगळं पुढं. हौद्यात बरोबर एक्सलच्या वर वाळूची चार पोती टाका, दीड-दोनशे किलो, दोरीनं घट्ट आवळून, आणि तोच चढ परत चढून बघा. पोती शेवटच्या फळीला लावू नका, पुढची बाजू हलकी होऊन स्टिअरिंग सुटतं.

एक चाक फिरायला लागलं तर रेस वाढवू नका. हँडब्रेक मागच्या चाकांना लागत असेल तर एक-दोन खाचा ओढा आणि हळू क्लच सोडा, फिरणाऱ्या चाकाला अडवलं की गोळा दुसऱ्या चाकाला जोर देतो. दर वेळी जमतं असं नाही, पण खूपदा जमतं. चिखलात दुसऱ्या गिअरवर, एकसारखा वेग, मध्येच थांबायचं नाही. आणि अवघड तुकडा आला की आधी उतरून चालत जाऊन बघायचं, बूट किती आत जातो त्यावरून बराच अंदाज येतो.

ज्यांची फोर बाय फोर आहे त्यांनी ती कोरड्या डांबरावर लावून फिरू नये. जुन्या पिकअपमध्ये पुढचा-मागचा एक्सल कडक जोडला जातो, वळणावर दोघांना वेगळं फिरायचं असतं आणि ताण गिअरांवर येतो.

फसलो तर ट्रॅक्टर आहे की ओढायला

आहे, आणि हीच आपल्याकडची मोठी सोय, विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रावर, पैसे घालायची गरज नाही. पण टोचन करताना माणसं जखमी होतात ती साखळीमुळं. साखळीला लवचिकता नसते, झटका बसला की कडी तुटून गोळीसारखी येते. ओढायला जाड रुंद पट्टा किंवा चांगला नायलॉनचा सोल घ्या, तो चेसिसला बोल्ट केलेल्या हुकात अडकवा, बंपरला नाही, एक्सलला नाही, माल बांधायच्या कडीला तर अजिबात नाही. सोलावर मधोमध ओलं गोणपाट टाका, तुटला तरी फारसा उडत नाही. बाकी सगळ्यांना सोलाच्या लांबीपेक्षा दीडपट लांब उभं करा, आणि ट्रॅक्टरवाल्या दादाला सांगा की झटका नको, सोल ताणून मग हळू.

गाडीत कायम ठेवायचं सामान म्हणजे फावडं, दोन जाड फळ्या चाकाखाली घालायला, आणि जॅकखाली ठेवायला एक रुंद लाकडी तुकडा, कारण काळ्या मातीत जॅक गाडी उचलायच्या ऐवजी स्वतःच आत जातो. फसल्यावर आधी चाकासमोरची माती काढा, हवा कमी करा, फळ्या घाला. तसंच ओढायला लागलात तर चिखलाची सगळी भिंत गाडीसोबत ओढावी लागते.

खालचं इंजिनचं चेंबर दगडापासून वाचवायला पत्रा बसवायचा असेल तर चार मिलिमीटरचा पुरतो, अर्धा चौरस मीटर पत्रा साधारण सोळा किलो भरतो. ऑइलचा नट उघडायला भोक ठेवा, आणि चेसिसला वेल्डिंग करू नका, आधीपासून असलेल्या भोकांत बोल्टनं बसवा. वेल्डिंगच्या उष्णतेनं चेसिस तिथं कमजोर होते.

जुनी गाडी आहे, पासिंगला कोण बघतंय?

बघतात. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून बेकायदा ठरवले. अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला तर क्लेम अडवायला कारण मिळतं ते वेगळंच.

आता वर सांगितलेलं परत बघा. शॉकअप, बुश, पाटे मूळ मापाचे, टायर कंपनीनं दिलेल्या साइजचे, कॉम्प्रेसर, सोल, फळ्या, पोती, यात कायद्याला अडचण होईल असं काही नाही. उंची, क्रॅश गार्ड आणि जादा लाइटचा बार यातच अडचण आहे. आणि हौद्यात पोरं बसवून डोंगरात नेऊ नका, मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदा आहेच, पण एका गचक्यात माणूस बाहेर पडतो. नायगाव मयूर किंवा गौताळा अभयारण्याकडं गेलात तर ठरलेला रस्ता सोडू नका.

ओढ्यातून जायचं असेल तर

पाणी वाहतं असेल तर जायचंच नाही. एक फूट वाहतं पाणी छोटी कार उचलतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, पिकअप जड आहे म्हणून वाचेल हा भ्रम आहे. उंच नळी, म्हणजे स्नॉर्केल, लावली म्हणून हे बदलत नाही. साचलेल्या पाण्यात आधी काठीनं खोली बघा, इंजिनची हवा ओढायची जागा कुठं आहे ते बॉनेट उघडून बघून ठेवा, पाणी तिथं गेलं की ते सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका.

इथं एक छोटा बदल लई कामाचा आहे. मागच्या गोळ्यावर एक बारीक श्वासनळी असते, ब्रीदर. तापलेला गोळा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढतो. त्या ब्रीदरला तेल सहन करणारा रबरी पाइप क्लिपनं बसवून वर हौद्याच्या खालपर्यंत न्यायचा, तोंड खाली वळवून, म्हणजे माती जात नाही. पाइप आणि दोन क्लिपा, कुठलाही मिस्त्री अर्ध्या तासात करून देतो. पाण्यातून आल्यावर चालता चालता ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवा, घरी आल्यावर ड्रममधला चिखल धुवा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी हलवायच्या आधी गोळ्याचा खालचा नट थोडा ढिला करून बघा. पाणी जड असल्यानं रात्रभरात खाली बसतं, आधी पाणी किंवा दुधाळ तेल आलं तर सगळं तेल बदलूनच गाडी बाहेर काढा.